गोड गळ्याचा संदेष्टा

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:२१-३३, १ शमुवेल १८:६-११, मत्तय ६:१-६, प्रेषितांची कृत्ये १६:२२-३४

यहेज्केल हा आपल्या काळातला मोठा लोकप्रिय उपदेशक होता, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. आपण त्याला ओळखतो तो चाकांच्या दृष्टान्तावरून आणि सुक्या हाडांच्या खोऱ्यावरून. परंतु तेहतिसाव्या अध्यायाची शेवटची चार वचने सावकाश वाचा. लोक भिंतींच्या आडोशाला आणि घरांच्या दारांत उभे राहून त्याच्याविषयी बोलत आहेत. शेजारी शेजाऱ्याला बोलावून आणतो आहे. सगळे येऊन त्याच्यापुढे देवाच्या लोकांसारखे शिस्तीने बसत आहेत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्याचे नाव घरोघर 'शेअर' होत आहे. अशा वेळी देव त्याला जे सांगतो ते कोणाही गायकाच्या किंवा उपदेशकाच्या काळजात रुतावे असे आहे. या लोकांच्या लेखी तू म्हणजे गोड गळ्याचा, वाद्यावर हात बसलेला, प्रेमाची गाणी म्हणणारा कोणी एक आहेस, असे देव म्हणतो. ते तुझे ऐकतात, आणि ऐकून घरी जातात. करीत काही नाहीत.

हे केव्हा घडले तेही ध्यानात घ्यावे. यरुशलेम पडल्याची बातमी घेऊन एक पळालेला मनुष्य बाबेलातल्या बंदिवानांकडे आला होता (३३:२१). मंदिर जळाले, आप्तेष्ट मेले, राज्य गेले. त्या बातमीच्या आदल्या संध्याकाळी देवाने यहेज्केलाचे तोंड उघडले. तोवर तो मुका होता. एवढ्या मोठ्या दुःखाच्या वेळी, इतक्या दिवसांच्या मौनानंतर निघालेला शब्द लोक ऐकतात आणि म्हणतात, "वा, काय बोलतो!"

येथे एक गोष्ट मला बरेच दिवस कळली नव्हती. देव यहेज्केलाला दोष देत नाही. तुझा गळा वाईट कर, वाद्य फेकून दे, लोकांपुढे बसू नकोस, असे तो म्हणत नाही. दोष ऐकणाऱ्यांच्या पदरी आहे. तरी देव ही गोष्ट त्या ऐकणाऱ्यांना न सांगता संदेष्ट्याला सांगतो. का? माझ्या मते एवढ्यासाठी की, दारात जमलेली गर्दी पाहून त्याने आपले काम झाले असे समजू नये.

हा शास्त्रभाग मी आज घेतला आहे तो आमच्या नानाखेड्यातील एका प्रार्थनासभेमुळे.

उज्जैन शहराच्या दक्षिणेला, इंदूरच्या वाटेवर नानाखेडा आहे. येथे मोठे बसस्थानक आहे. संध्याकाळी गाड्यांचे कर्णे आणि लग्नसराईत वरातींचे ध्वनिक्षेपक यांतून माणसाचा साधा आवाज ऐकू येणे कठीण. आमची रविवारची उपासना हिंदीत होते. मराठी बोलणारी घरे थोडी. त्यामुळे मराठी गीत कानी पडते ते महिन्यातून एकदा, कोणाच्या तरी घरच्या प्रार्थनासभेत. अशा एका घरी एक आजी आहेत. लग्न होऊन अहमदनगरकडून (आताचे अहिल्यानगर) त्या या गावी आल्या, त्यास साठ वर्षे होत आली. गुडघ्यांमुळे त्यांना चर्चला येववत नाही. गीतांचे पुस्तक त्यांना लागत नाही. सगळे पाठ आहे.

त्या दिवशी आमची तरुण मंडळी उत्साहाने आली होती. गिटार होती, कीबोर्ड होता, पेटीसारखे बसून वाजवावयाचे ते काहोन होते. मुले चांगली वाजवतात, हे मी आनंदाने लिहितो. एकाने तिकाटण्यावर मोबाईल लावला. गीत सुरू झाले. आजींनीही सूर लावला. परंतु त्यांची चाल जुनी, लय संथ. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या अर्धी मात्रा मागे राहत आणि त्यांचा खरखरीत आवाज एकटाच उरे. गीत संपल्यावर गिटारवाला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, आपण पुन्हा एकदा घेऊ या. या वेळी तुम्ही नुसते ओठ हलवा, म्हणजे रेकॉर्डिंग चांगले येईल."

आजींनी ओठ हलवले.

मी तेथे वचन सांगण्यासाठी गेलो होतो. मी काय केले? मी खुर्ची थोडी सरकवून घेतली, कारण चौकटीत माझा अर्धाच चेहरा येत होता. त्या रात्री ती चित्रफीत मीच पाच-सहा गटांत पाठवली, आणि झोपण्यापूर्वी किती जणांनी पाहिली ते तीनदा उघडून पाहिले. त्या मुलाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

पुढच्या महिन्यात आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, आज ते यंत्र लावायचंय का? तसं असेल तर मी आत जाऊन बसते. तुमचं खराब नको व्हायला." त्या रागाने म्हणाल्या नाहीत, म्हणून ते अधिक लागले. ज्या घरी आम्ही प्रार्थनेला गेलो, त्या घरची माणसे आमच्या गाण्याला अडथळा झाली होती.

गाण्यात आकडे शिरले म्हणजे काय होते, हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दिसते. दावीद प्रथम राजवाड्यात आला तो वाजवणारा म्हणून. श्रोता एकच, आणि तोही आजारी मनाचा. दावीद वीणा वाजवी आणि शौलाला आराम पडे (१६:२३). पुढे पलिष्ट्यांवर जय मिळाला, गावोगावच्या स्त्रिया डफ घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी एक गाणे रचले. त्या गाण्यात शौलाच्या नावापुढे हजाराचा आकडा होता, दाविदाच्या नावापुढे दहा हजारांचा. गाणे आनंदाचे होते; गाणाऱ्या स्त्रियांच्या मनात कपट होते असे शास्त्र म्हणत नाही. तरीही शौल तेवढे दोन आकडे घेऊन घरी गेला आणि त्या दिवसापासून दाविदावर डोळा ठेवू लागला. दुसऱ्याच दिवशी, दावीद नेहमीप्रमाणे वाजवीत असता, त्याने भाला फेकला (१८:१०-११). तीच वीणा, तोच हात, तोच श्रोता. पण आता त्याला संगीताने आराम पडेना. त्याच्या कानात आकडा बसला होता.

आपल्या गायकवृंदात भाले कोणी फेकीत नाही, ही देवाची कृपा. परंतु अमक्या मंडळीच्या गीताला इतके 'लाइक' आणि आपल्याला इतकेच, हा हिशेब मुले मनात करतात, मोठेही करतात, आणि मग कोणी तरी सरावाला येणे बंद करते. फेसबुकवर 'लाइक'चे बटण आले ते २००९ साली. म्हणजे आज आपल्या तरुण संघात जी मुले आहेत, त्यांना बाजूला आकडा नसलेले गाणे ठाऊकच नाही.

आता कोणी म्हणेल, मग लोकांनी ऐकावे अशी इच्छा धरणेच पाप आहे काय? मुळीच नाही. दाविदाने मंदिराच्या सेवेसाठी गाणारे नेमले तेव्हा त्यांची निवड अशीतशी केली नाही. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतले शिकून तयार झालेले २८८ जण होते. बारा-बारांच्या चोवीस पाळ्या (१ इतिहास २५). कनन्या गाणे शिकवी, कारण त्याला ते चांगले येत होते (१५:२२). 'मनोभावे म्हटले म्हणजे झाले, सूर कसा का असेना' असे म्हणून आळस झाकणाऱ्यांना शास्त्रात आधार नाही. मात्र २५:८ मध्ये एक बारीक गोष्ट आहे. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, आणि लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. सणाच्या गर्दीची पाळी कोणाला आणि रिकाम्या आठवड्याची कोणाला, हे कोणाच्या गळ्यावरून ठरले नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अहमदनगरकडच्या खेड्यांत लोकांना विलायती चालींची गीते कळत ना. तेव्हा कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या बंधूंनी कीर्तन हाती घेतले. पुढे रे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, पदे आणि भजने लिहून आपल्या गीतसंग्रहाचे रूपच पालटून टाकले. लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या. या मंडळींना लोकांचे लक्ष नको होते काय? होते, आणि ते वेधून घेण्याची सारी युक्ती त्यांना अवगत होती. कीर्तनकार टाळ वाजवतो, मध्येच गोष्ट सांगतो, हसवतो, रडवतो, पेंगणाऱ्याला जागे करतो.

परंतु कीर्तनात एक सोय आहे, जी मोबाईलपुढे नाही. कीर्तनकाराला समोरची तोंडे दिसतात. मागच्या रांगेतल्या बाईला पद उचलता आले नाही तर तो तेच पद पुन्हा, सावकाश म्हणतो. मूल रडले तर थांबतो. एखाद्याचे डोळे भरून आले तर त्याला कळते की आता येथे गोष्ट पुढे दामटायची नाही. समोरची माणसे त्याचे गाणे घडवीत असतात. कॅमेऱ्याच्या भिंगाला तोंड नसते. त्याच्यापुढे गाणारा स्वतःचेच रूप पाहतो, आणि खोलीतली माणसे त्या रूपाच्या मागची सजावट होतात. तिकाटण्यावरच्या मोबाईलकडे आम्हा साऱ्यांचे तोंड आणि खाटेवरच्या आजींकडे पाठ, असेच त्या दिवशी आमचे झाले होते.

यासंबंधी प्रभू येशूने वापरलेला एक शब्द शिकवणाऱ्यांनी मुलांना अवश्य समजावून सांगावा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपास या तिन्हींविषयी प्रभू म्हणतो की, लोकांनी पाहावे म्हणून जे करतात त्यांना त्यांचे प्रतिफळ पोहोचले आहे. 'पोहोचले' यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'अपेखो' हे क्रियापद आहे. त्या काळच्या व्यापारी पावत्या मिसर देशात खापरांवर आणि पपायरसावर लिहिलेल्या सापडल्या आहेत. त्यांत पैसे मिळाल्याची नोंद याच शब्दाने केलेली असते. म्हणजे प्रभू रागावून शाप देत नाही, तो दुकानदारासारखा पावती फाडून हातात देतो: रक्कम पूर्ण मिळाली, बाकी काही राहिले नाही. ज्याला माणसांची वाहवा हवी होती त्याला ती मिळाली, व्यवहार पुरा झाला.

मग ती रक्कम तरी केवढी, तेही पाहू. फेसबुकवर चित्रफीत तीन सेकंद चालली की ती एकदा पाहिली असे धरण्याचा हिशेब वर्षानुवर्षे होता. शिवाय चित्रफिती आपोआप सुरू होतात, पुष्कळदा आवाज बंद ठेवून. तेव्हा आमच्या गीताच्या खाली जो आकडा मी रात्री तीनदा पाहिला, त्यात असे किती असतील की ज्यांनी बोटाने पान वर सरकवता सरकवता तीन सेकंद आमची तोंडे हलताना पाहिली आणि एक सूरही ऐकला नाही? एवढ्यासाठी आजींना गप्प बसवले.

कोणी असे समजू नये की या यंत्रात काही चांगले नाही असे मला म्हणावयाचे आहे. २०२० सालचा मार्च आठवा. २५ तारखेपासून देशभर सर्व बंद झाले. त्या वर्षी १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण आला आणि मंडळीची दारे बंद. त्या दिवशी पाळकांचा आवाज मोबाईलमधून घरात आला, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून गायलो आणि रडलो. रुग्णालयात पडलेल्या, परगावी नोकरीला असलेल्या, आखातात गेलेल्या आपल्या माणसांना आजही या मार्गाने उपासना मिळते. हे देवाचे देणे आहे. पौलाने पत्रे लिहिली तीही दूरच्यांसाठीच. पण पौल पत्र लिहिताना समोर बसलेल्यांना गप्प करीत नसे, आणि दूरच्यांची नावे घेऊन सलाम सांगे. त्याला वाचकांची संख्या नको होती, फिबी, प्रिस्का, अक्विला, एपैनत हवे होते (रोम १६). दूरच्या एका आजाऱ्यासाठी गीत पाठवणे निराळे आणि किती जणांनी पाहिले यासाठी गीत टाकणे निराळे. कृती एकच दिसते, पण फरक फार आहे, आणि तो ज्याचा त्यालाच कळतो.

आमच्या माळव्यातली एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. उज्जैनपासून तासाभराच्या वाटेवर देवास आहे. तेथे १९४८ साली एक तरुण गवई क्षयाने आजारी होऊन राहावयास आला. लहानपणापासून मैफली गाजवलेला, नावारूपास आलेला. डॉक्टरांनी त्याला गाण्याची बंदी केली. सुमारे पाच वर्षे तो गायला नाही. त्या काळात तो अंथरुणावरून ऐकत राहिला: दारावरून जाणाऱ्या बायांची गाणी, भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने, माळव्याच्या लोकगीतांच्या चाली. पुढे तो पुन्हा गाऊ लागला तेव्हा त्याच्या गाण्यात ते सारे उतरले होते. हे म्हणजे पं. कुमार गंधर्व, १९९२ साली देवासलाच त्यांचे निधन झाले. ते आपल्या मंडळीतले नव्हते आणि मी काही संगीताचा जाणकार नव्हे. परंतु लोकांपुढे बसणे थांबले तेव्हा त्यांचे ऐकणे सुरू झाले, एवढे मला त्यांच्या चरित्रातून घ्यावेसे वाटते. आपल्या तरुण गायकांना आपण गावयास शिकवतो, वाजवावयास शिकवतो. शेजारचा काय गातो ते ऐकावयास कोण शिकवतो? कलस्सै ३:१६ मध्ये पौल स्तोत्रे व गीते यांविषयी बोलतो, तेव्हा ती देवासाठी म्हणावयाची आहेतच, पण त्यांनी एकमेकांना शिकवायचे व बोध करायचा आहे. एकमेकांना! म्हणजे आजींनी मला आणि मी आजींना.

तिसऱ्या महिन्यात काय झाले ते सांगतो. मी त्या मुलाला बाजूला घेऊन माझ्या खुर्चीची गोष्ट सांगितली. त्याची नव्हे, माझी. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग एका शनिवारी तो एकटाच गिटार घेऊन आजींच्या घरी गेला, आणि ती जुनी चाल त्याने त्यांच्याकडून शिकून घेतली. सोपे गेले नाही, असे तो सांगतो. आजी दोन ओळींमध्ये श्वास घेतात तेवढी जागा त्याच्या हाताला रिकामी ठेवता येईना. बोटे सवयीने पुढे पळत. पुढच्या सभेत गीत त्याच लयीत झाले. चांगले झाले की नाही ते मला सांगता येत नाही, कारण मी गात होतो.

आता फिलिप्पैच्या तुरुंगाकडे वळू. पौल व सीला यांना फटके मारले आहेत, पाय खोड्यात अडकवले आहेत. वाद्य नाही, उजेड नाही, कार्यक्रम ठरलेला नाही. मध्यरात्री ते प्रार्थना करीत देवाला गीते गात होते, आणि लूक पुढे एक लहानसे वाक्य घालतो की बंदिवान ते ऐकत होते. कान देऊन ऐकणे, अशा अर्थाचे येथे जे क्रियापद आहे ते सबंध नव्या करारात याच ठिकाणी येते. त्या दोघांनी श्रोते शोधले नव्हते. अंधारात ते दिसतही नव्हते. पुढे भूमिकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळाल्या. अशा वेळी बंदिवान पळतात, आणि तुरुंगाचा नायक तेच समजून तलवार उपसतो. पण पौल ओरडून सांगतो की आम्ही सगळे येथेच आहोत (१६:२८). सगळे! ते का थांबले हे लूक सांगत नाही. भीतीने थांबले असतील. माझा तर्क असा की, ज्यांचे गाणे त्यांनी रात्रभर ऐकले त्यांना सोडून जाणे त्यांना जमले नसावे. यहेज्केलाचे श्रोते ऐकून घरी गेले. हे श्रोते दार उघडे असून बसून राहिले. दोन्ही ठिकाणी गाणे आहे, ऐकणारे आहेत. शिकवणाऱ्यांनी हे दोन शास्त्रभाग वर्गात शेजारी-शेजारी वाचून घ्यावेत आणि फरक मुलांनाच काढू द्यावा. मुले आपल्याहून चांगली उत्तरे देतात, असा माझा अनुभव आहे.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी आणखी एक सूचना. या पाठाच्या दिवशी वर्गात एक गीत असे घ्यावे की त्यात सर्वांत हळू म्हणणाऱ्या मुलाच्या लयीने सर्वांनी म्हणावयाचे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, शिक्षकांचाही. गीत झाल्यावर प्रत्येकाला विचारावे की, तुझ्या उजव्या हाताला जो बसला होता त्याचा आवाज कसा होता? आमच्या वर्गात पहिल्या खेपेस सोळांपैकी तिघांनाच सांगता आले. त्या तिघांत एक मुलगा असा होता की जो कधीच गात नाही, आणि त्याने आपल्या उजवीकडच्या मुलीविषयी सांगितले की ती शेवटच्या कडव्यात रडत होती. आम्हा कोणाला ते कळले नव्हते. तास संपल्यावर आमच्या एक शिक्षिका तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेल्या.